भूगोलातले चार तास

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी पावसाळ्यात ग्रंथालय परिचयाचा एक दिवस असतो. प्रथम वर्षाची मुलं-मुली वर्गशिक्षकांच्या मागून रांगेने येतात, नको म्हटलं तरी दारात चपला काढतात, कपाटांच्या मधून एक फेरी मारतात आणि मागच्या दाराने बाहेर पडतात. मग चपला पुढच्या दाराशी राहिल्या हे लक्षात येऊन पुन्हा वळसा घालून येतात. मी मधोमध उभी राहून सांगते, ही संदर्भाची पुस्तकं, ही अभ्यासक्रमाची, ही स्पर्धा परीक्षांची, इथे संगणक, इथे वर्तमानपत्रं, इथे बोलायचं नाही. सगळे मान डोलावतात. त्यातले बरेचजण पुन्हा भेटतात ते थेट तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, दाखल्यासाठी ग्रंथालयाचा शिक्का लागतो म्हणून.

हा कार्यक्रम मी बरीच वर्षं केला. त्याचा उपयोग काय, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं ते सांगितलं असतं, की काही नाही.

मी ग्रंथपाल आहे. पदव्युत्तर पदवी, त्यानंतरची पात्रता परीक्षा, हे प्राध्यापकांना जेवढं लागतं तेवढं मलाही लागलं. तरी नवीन पालक येतात ते मला फी कुठे भरायची ते विचारतात. मी वाईट वाटून घेत नाही, पण दुरुस्ती करते. फी ऑफिसात भरा, मी ग्रंथपाल, असं सांगते. एकदा एक गृहस्थ म्हणाले, म्हणजे पुस्तकं देता-घेता तेच ना. म्हटलं, तेही करते.

माझं शिक्षण बेलापूरला आणि मग श्रीरामपूरला झालं. अब्बा टेम्पोत कापूस आणि पिंजायचं यंत्र घालून गावोगाव गाद्या भरायला जायचे, अम्मी खोळी शिवायची. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही; उलट कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. पण पहिली असण्याची एक अडचण असते. घरात विचारायला कुणी नसतं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला तेव्हा खिडकी होती. चिठ्ठीवर पुस्तकाचा नंबर लिहून आत द्यायचा, मग आतून पुस्तक यायचं. हा नंबर कुठून आणायचा ते मला कुणी सांगितलं नाही आणि असं विचारायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. पहिलं वर्षभर मी चिठ्ठीवर नुसतं 'इतिहास' असं लिहून देत होते. आतला माणूस हाताला लागेल ते इतिहासाचं पुस्तक द्यायचा आणि मी ते इमानदारीने वाचून परत करायचे. त्यामुळे मला फ्रान्सची राज्यक्रांती चांगली येते, जी त्या वर्षी अभ्यासाला नव्हती.

पदवी होईपर्यंत मी कपाटापर्यंत पोहोचले नाही. पदवी मात्र पहिल्या वर्गात घेतली. कपाटापर्यंत पोहोचले नाही म्हणून पुढे ग्रंथपाल झाले, असं म्हणायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे नगरला त्या कोर्सला जागा शिल्लक होती.

तर नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आला. विद्यार्थ्याने गावात फिरायचं, माणसांना विचारायचं, काही शोधायचं आणि लिहून द्यायचं. कागदावर ही चांगली गोष्ट आहे. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे थोड्याच दिवसांत फील्ड प्रोजेक्ट तयार मिळायला लागले. स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, नाव आणि रोल नंबर टाकायला रिकामी जागा. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. कोणत्या सरांना किती पानं लागतात, कुणाला फोटो आवडतात, हे तो मुलांकडून विचारून घेतो. म्हणजे फील्डवर्क तो करतो. आता मोबाईलवर एक ओळ विचारली की पानंच्या पानं लिहून देणारी सोय आली आहे, त्यामुळे तोही जरा काळजीत आहे.

हे प्रोजेक्ट तपासून झाले की ठेवायला ग्रंथालयात येतात. भूगोलाचे प्राध्यापक असाच एक गठ्ठा घेऊन आले होते. ते मूळचे संगमनेरचे, निवृत्तीला आलेले, बोलायला सडेतोड. म्हणाले, हल्ली प्रोजेक्ट तपासायचे म्हणजे मुखपृष्ठं तपासायची, आत सगळीकडे एकच नदी वाहते. मी म्हटलं, मग आत काय असावं हे कुणी शिकवलंय का त्यांना? ते म्हणाले, ते त्यांना आलं पाहिजे. मी विचारलं, कुठून?

त्यावर ते गठ्ठा टेबलावर ठेवून बसले. त्यांनी आधी एक दिवसाच्या कार्यशाळेची कल्पना काढली. मी नको म्हटलं. कार्यशाळेत पाहुण्यांना शाल देतात, मुलांना चहा आणि प्रमाणपत्र मिळतं, आणि संपतं. मला त्यांच्या विषयातले तास हवे होते, त्यांच्या वेळापत्रकातले आणि त्यांच्या मार्कांसकट. माहिती कुठून आणायची, ती देणारा कोण, त्याला ती कुठून मिळाली, तिच्यावर कितपत भरवसा ठेवायचा आणि हे सगळं आपल्या लिखाणात कसं सांगायचं, एवढंच मी शिकवणार होते. याला आमच्या शास्त्रात मोठं नाव आहे, माहिती साक्षरता. ते नाव मी शक्यतो घेत नाही, लोकांना वाटतं संगणक शिकवणार.

सर म्हणाले, "अहो मॅडम, आणि माझा पोर्शन कोण पुरा करणार?"

शेवटी चार तासांवर ठरलं, आणि प्रोजेक्टच्या मार्कांतले काही मार्क फक्त संदर्भांना. हे मार्क महत्त्वाचे. मार्क नसतील त्या तासाला आमच्याकडे फक्त ज्यांची एसटी उशिरा आहे ते बसतात.

प्राचार्यांनी विचारलं, शिकवणं ग्रंथपालाच्या कामात बसतं का? मी म्हटलं, परीक्षा तीच दिलीये सर. ते हसले आणि एका सत्रापुरती परवानगी दिली. अट सरळ होती. प्रोजेक्टमध्ये फरक दिसला तर हे तास पुढच्या वर्षापासून वेळापत्रकात कायमचे घालायचे; नाही दिसला तर सरांचे तास सरांना परत आणि आपला परिचयाचा दिवस आहेच. त्या वर्षी कॉलेजचं मूल्यांकन करणारी समिती यायची होती, त्यामुळे त्यांना काहीतरी नवीन दाखवायला हवंच होतं, हेही खरं. मला त्याचं काही नव्हतं. मला वेळापत्रकात चौकट हवी होती.

पहिला तास डिसेंबरात झाला. द्वितीय वर्षाचा वर्ग, बहुतेक मुलं राहुरीच्या आसपासच्या गावांतली, काही धरणाच्या कालव्यावरची. मी तयारी भरपूर केली होती. माहिती म्हणजे काय, मत म्हणजे काय, प्राथमिक साधन, दुय्यम साधन. मी बोलले, त्यांनी ऐकलं. एक मुद्दा तेवढा त्यांना आवडला. जिल्ह्याचं नाव बदललं आहे, बोलताना सगळे नगरच म्हणतात, पण जुनं काही शोधायचं तर जुन्याच नावाने शोधावं लागतं, नाहीतर संगणक म्हणतो असा जिल्हाच नाही. यावर थोडी खसखस झाली. बाकी तास शांततेत गेला. शांत तास चांगला असतो असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या तासाला मी फळ्यावर एक नमुना लिहून दाखवला. आधी प्रश्न: आमच्या गावचा आठवडे बाजार कधी आणि का सुरू झाला? मग त्याची साधनं: जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, ग्रामपंचायतीचं दप्तर आणि गावातल्या सत्तरीतल्या एका किराणा दुकानदाराची मुलाखत. प्रत्येकाची नोंद कशी करायची, तेही. मग सांगितलं, की आता आपापल्या गावाबद्दल एक प्रश्न ठरवा, साधनं शोधा आणि कच्चा आराखडा आणून द्या.

आराखडे वेळेवर आले. इतके वेळेवर, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. सगळ्यांच्या गावात आठवडे बाजार होता. सगळ्यांनी गॅझेटिअर पाहिलं होतं, त्यातलं मी फळ्यावर लिहिलेलं तेच पान. आणि सगळ्यांनी सत्तरीतल्या एका किराणा दुकानदाराची मुलाखत घेतली होती. एक मुलगा उसातल्या वस्तीवर राहतो, तिथे त्याच्या भावकीची चार-पाच घरं आहेत. त्याच्याही वस्तीवर दर शुक्रवारी बाजार भरत होता.

सरांनी ते सगळे आराखडे स्टाफरूममध्ये वाचून दाखवले. ते दुष्टपणाने नाही, पण वाचले.

"आधी पोरं झेरॉक्सवाल्याचं उतरवायची," ते म्हणाले, "आता मॅडमचं उतरवतात. फुकट. त्याच्या पोटावर पाय आला बघा."

सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. प्राचार्यांच्या कानावर हे दुपारपर्यंत गेलं असणार. म्हणजे चारातले दोन तास संपले होते आणि दाखवायला माझ्याकडे वस्तीवरचा बाजार होता.

दुसऱ्या दिवशी वर्गातली एक मुलगी पुस्तक बदलायला आली. कालव्याच्या अगदी शेवटच्या गावची, रोज सायकल आणि मग जीप असं करून येणारी, मोजकंच बोलणारी. तिचाही आराखडा तसाच होता. मी तिला रागावले नाही. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं, की तिने तसं का केलं. तिच्या गावात बाजार भरत नाही हे मला माहीत होतं.

ती गोंधळून म्हणाली, "मॅडम, तुमी फळ्यावर लिव्हलं हुतं ना? मग ते उतरवायचं नसतं व्हय?"

यात चेष्टा नव्हती. बालवाडीपासून कॉलेजपर्यंत तिला हेच शिकवलं होतं. फळ्यावर येतं ते उत्तर. ते वहीत जसंच्या तसं घ्यायचं, वहीतून पेपरात. नमुना नावाची गोष्ट फळ्यावर असू शकते, म्हणजे जे बघायचं पण उतरवायचं नाही, हे तिला आणि वर्गातल्या कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या शिक्षणात तशी गोष्टच नाही. मी तिला विचारलं, बाजार नसताना बाजार लिहिताना काही वाटलं नाही का? ती म्हणाली, वाटलं, पण वाटलं की मार्क त्याचेच असतील.

तिसरा तास मी वर्गात घेतलाच नाही. वाचनकक्षात बोलावलं. तिथे फळा नाही. मी काही लिहून आणलं नव्हतं, आणि काय करायचं हेही अर्धंच ठरवलं होतं. आल्याबरोबर सांगितलं, मोबाईल बाहेर काढा. ग्रंथालयात मोबाईल काढला की मी तो काढून घेते, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी काढेना. मी माझा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा हळूहळू निघाले.

मी विचारलं, तुमच्या घरी सध्या कोणत्या बातमीची वाट बघतायत?

कॉलेजात घरचं सांगायचं नसतं. तरी मागून एकजण म्हणाला, पाण्याची. ते खरंच होतं. धरणातून कालव्याला पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात, आणि ते बारमाही नसतं. हंगामात ठरावीक वेळाच सुटतं. त्या दिवसांत कांद्याच्या लागणी चालू होत्या. रोप उपटून ठेवायचं कधी, लागणीला बाया सांगायच्या कधी, सगळं त्या तारखेवर.

मी म्हटलं, मग कधी सुटणार आहे?

यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही. सोमवारी, असं निम्म्या वर्गाने सांगितलं. बाकीचे म्हणाले सोमवारी नाही, संक्रांत झाल्यावर. एकाकडे पुढाऱ्याच्या फोटोचा बॅनर आला होता, त्यावर तर पाणी सुटल्याबद्दल अभिनंदनच होतं. वस्तीवर बाजार भरवणाऱ्या मुलाने मोबाईलवरच्या त्या उत्तर देणाऱ्या सोयीला विचारलं, तर तिने अगदी नम्रपणे चौथीच तारीख दिली. वाचनकक्षात इतका आवाज पहिल्यांदाच झाला. शिपाई दारात येऊन बघून गेला.

मी म्हटलं, भांडू नका. मला फक्त एवढं सांगा, की तुम्हाला हे कुणी सांगितलं आणि त्याला कुणी.

मग एकेक जण मागे जायला लागला. सोमवारच्या बातमीसोबत वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो होता. तो एका मुलाला त्याच्या मामाने पाठवला होता. मी म्हटलं, मामांना विचार. त्याने स्पीकरवर फोन लावला.

"मला काय म्हाईत कुटून आलं," मामा म्हणाले. "चांगली बातमी दिसली, टाकली फुडं. का रं, कॉलेजात हाय ना तू?"

फोन ठेवल्यावर वर्ग बराच वेळ हसत होता. मग मी तो कात्रणाचा फोटो नीट बघायला सांगितला. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख जिथे असते तो वरचा भाग कापलेला होता. खाली बाजूला अर्धवट एक ट्रॅक्टरची जाहिरात आली होती. मी म्हटलं, आपल्याकडे माळ्यावर जुनी वर्तमानपत्रं आहेत. रद्दीवाला बोलावायचं राहून गेलं म्हणून आहेत. ज्यांना बघायचं त्यांनी काढा.

त्यांनी गठ्ठे काढून फरशीवर पसरले आणि गोलाकार बसले, कांदा निवडायला बसतात तसे. मी सांगितलं की ताज्या अंकापासून मागे जायचं. धूळ उडाली, दोघी शिंकत होत्या. बराच वेळ काही मिळालं नाही आणि तास संपत आला तरी कुणी उठलं नाही. पुढचा तास इंग्रजीचा होता, हे कारण असेलही. शेवटी ती कालव्याच्या टोकाची मुलगी एक अंक हातात घेऊन उभी राहिली. तिने बातमी वाचली नव्हती, ट्रॅक्टर ओळखला होता.

"मॅडम, हे तर मागच्या सालचं पानी हाय," ती म्हणाली.

बातमी तीच, शब्दाला शब्द. अंक मागच्या वर्षीच्या जानेवारीतला. कुणीतरी जुनं कात्रण वरून कापून पुढे टाकलं होतं. मुद्दाम की सहज, ते कळायला मार्ग नव्हता आणि आम्ही त्यात शिरलो नाही.

मग खरी तारीख कोण सांगेल, असा प्रश्न आला. यावर वर्गात एकमत झालं, की जो पाणी सोडतो तो. पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयाचा फोन नंबर त्यांनीच शोधला. फोन मुलीने करावा असं मुलांचं म्हणणं पडलं, मुलीला शिव्या देत नाहीत म्हणून. त्या कालव्याच्या टोकाच्या मुलीने केला. पलीकडच्या माणसाने शिव्या दिल्या नाहीत. त्याने सांगितलं, की कालवा सल्लागार समितीची बैठक झाल्याशिवाय तारीख ठरत नाही आणि बैठक अजून लागलेली नाही. तिने त्याला दोनदा विचारलं, मग त्याचं पद विचारून घेतलं. ते विचारायला मी सांगितलं नव्हतं.

वर्ग एकदम उदास झाला. इतकी खटपट करून उत्तर काय, तर ठरलेलं नाही. मामाला फोन लावणाऱ्या मुलाने विचारलं, म्हणजे उत्तर नाहीच का? मी म्हटलं, हेच उत्तर. आज दुपारी, अमुक कार्यालयातल्या अमुक पदावरच्या माणसाने फोनवर सांगितलं, की तारीख ठरलेली नाही. हे लिहा. याला संदर्भ म्हणतात. त्यांनी वह्या काढल्या आणि मला विचारलं, कसं लिहायचं ते फळ्यावर देता का. मी म्हटलं, इथे फळा नाही.

बाहेर पडताना ती मुलगी व्हरांड्यात घरी फोन करत होती. तिच्या वडिलांनी सोमवारच्या हिशेबाने लागणीला बाया सांगून ठेवल्या होत्या. मी मागच्या खोलीत गठ्ठे लावत होते, खिडकीतून ऐकू येत होतं. ती वडिलांना सांगत होती, दादा, सोमवारचं खरं नाही. पलीकडून काही तरी मोठ्याने बोलणं चाललं होतं. मग ती म्हणाली, "समदं गाव म्हनतंय म्हंजी काय? समद्या गावाला मागच्या सालचा पेपर घावलाय. मी हापिसात इचारलंय." पुन्हा तिकडून बोलणं. "व्हय, मीच इचारलं. मग कोन इचारनार?"

तिने वडिलांना पटवलं असं म्हणता येणार नाही. पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं, की त्यांनी निम्म्याच बाया बोलावल्या, निम्मं रोप वाफ्यातच राहू दिलं. सोमवारी पाणी आलं नाही. लावलेल्या निम्म्याला त्यांनी विहिरीचं होतं नव्हतं ते दिलं. घरी यावर काही बोलणं झालं का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, नाही, पण आता कुठलाही मेसेज आला की दादा आधी मला दाखवतात, आणि त्याचा लई ताप झालाय.

चौथा तास नुसता ज्याच्या त्याच्या प्रश्नाचा होता. ती आली तेव्हा प्रश्न घेऊनच आली. आवर्तनाची तारीख आमच्या गावाला कुठून कळते? मी म्हटलं, गॅझेटिअरमध्ये हे मिळणार नाही. ती म्हणाली, ते मला माहीत आहे.

सत्र संपताना प्रोजेक्ट आले. दिसायला ते आधीपेक्षा वाईट होते. बरेच हाताने लिहिलेले, पातळ, काही तर नुसते पिन मारलेले. काहींनी झेरॉक्सवाल्याचेच आणून दिले होते, तेही होणारच. पण बाकीच्यांत माणसं होती. अमक्याला विचारलं, तो असं म्हणाला, त्याची बायको म्हणाली असं नव्हतंच. दोन-तीन जणांनी सरळ लिहिलं होतं, की माहिती मिळाली नाही, आणि कुठे कुठे विचारलं तेही खाली लिहिलं होतं. आवर्तनाच्या प्रोजेक्टमध्ये तारखेची बातमी गावात येण्याच्या वाटा काढलेल्या होत्या. वरच्या गावच्या पाहुण्याचा फोन, दूध संकलन केंद्र, मोबाईलवरचा ग्रुप, आणि सगळ्यात शेवटी कालव्याचं पाणी स्वतः. कोणती बातमी किती वेळा खरी निघाली, हे तिने गावातल्या लोकांना विचारलं होतं आणि लोकांना नीट आठवत नाही असं खाली लिहिलं होतं.

सर आणि मी ते सगळे घेऊन प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्यांनी चाळले. त्यांचा चेहरा काही खुलला नाही. माहिती मिळाली नाही, असं लिहिलेलं पान समितीसमोर कसं ठेवायचं, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. समितीला जाड आणि रंगीत लागतं, असं सगळेच समजून चालतात.

मी बोलणार तेवढ्यात सरांनी पिशवीतून मागच्या वर्षीचे दोन प्रोजेक्ट काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. वेगवेगळ्या गावच्या दोन मुलांचे, रंगीत, स्पायरलचे.

"सर, हे दोन्ही फार चांगले आहेत," ते म्हणाले. "यातला कोणता ठेवायचा तेवढं सांगा. कारण दोन्ही एकच आहेत."

प्राचार्यांनी दोन्ही उघडून पाहिले आणि बाजूला सारले. मग त्यांनी आवर्तनाचा प्रोजेक्ट पुन्हा हातात घेतला आणि या वेळी वाचला. ते स्वतः कालव्यावरच्या गावचे आहेत, हे मला नंतर कळलं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, मग पाणी सुटलं का शेवटी? मी म्हटलं, सुटलं, बऱ्याच उशिरा.

ते म्हणाले, ठीक आहे, तास ठेवू, पण दोन. भूगोलाचाही विचार करायला हवा. आणि समितीसाठी एका तासाचे चांगले फोटो काढून घ्या, फळ्यावर विषय लिहून, वर्ग भरलेला. मी म्हटलं, फोटो काढते, पण वाचनकक्षात, फरशीवर बसलेल्या मुलांचे. आणि दोन तासांत हे होत नाही. दोनच द्यायचे असतील तर परिचयाचा दिवस आहे, त्याचे फोटो दरवर्षी चांगले येतात.

प्राचार्य सरांकडे बघायला लागले. सर खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, तीन देतो मी माझे, चौथा मागू नका, मला नद्या शिकवायच्या आहेत अजून.

जूनमध्ये स्टाफरूममध्ये वेळापत्रक लागलं. भूगोलाच्या रकान्यात तीन आठवडे, आठवड्याला एक, अशा चौकटीत कंसात ग्रंथपाल असं छापलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवला. अम्मीला वेळापत्रक वाचता येत नाही, पण फोटो तिने ठेवला आहे.

मग बसून चारातला कोणता तास काढायचा ते ठरवायचं होतं. आवर्तनाचा काढता येत नव्हता, प्रश्नांचा काढता येत नव्हता. फळ्यावरच्या नमुन्याचा काढावा असं सरांना वाटत होतं, पण तो मी ठेवला. मुलांनी आधी तो उतरवावा आणि मग सगळ्यांच्या गावात बाजार भरलेला एकत्र बसून बघावा, यात मला फायदा दिसतो. म्हणून पहिला काढला. माहिती म्हणजे काय, मत म्हणजे काय. त्या तासाची माझी टिपणं चांगली आहेत, अजून आहेत. पण त्यात मीच बोलत होते.